दहाच्या ठोक्याला

आमच्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर कोणते काम किती वाजता आपोआप सुरू व्हावे, हे ब्राउझरमधल्या एका पानावर नेमून देण्याची सोय रेवती पाथ्रुडकरने बसवली. तिला हे काम देण्याच्या शिफारशीवर सही माझी होती आणि ते पान रोज सकाळी दहाला बंद पडत होते. चूक माझीच असणार, असे मला वाटू लागले.

कुलसचिव खर्शीकर मात्र रेवतीवर घसरले. "बाई, परवा दहाला हे बंद पडलं तर तुम्ही घरी!"

"साहेब, तुमच्या आदेशाने अकराही विभागांनी आपापलं काम दहालाच लावलंय. थोडं पुढेमागे करू द्या ना."

"एक मिनिटही हलवायचं नाही! सगळ्यांचं काम दहाला म्हणजे दहालाच."

"मग उद्या दहाला सगळ्या विभागप्रमुखांना तुमच्याकडे पाठवू? तुमच्याच तोंडून ऐकतील."

"खुशाल पाठवा!"

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला अकरा विभागप्रमुख केबिनमध्ये शिरले आणि एकदमच आपापले गाऱ्हाणे सांगू लागले. साहेबांनी कानांवर हात ठेवले. "अहो, एकेक जण बोला! मला काय अकरा डोकी आहेत?"

दाराशी उभी असलेली रेवती म्हणाली, "साहेब, सर्व्हरचंही तेच म्हणणं आहे."

सगळे हसले. साहेब पाणी प्यायले. "बरं, लावा पुढेमागे. पण माझं काम पहिलं!"

"पहाटे चारला लावते, साहेब. तुम्ही उठायच्या आत झालेलं असेल."

त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.