बंद व्हॉल्व्हची हरकत

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, गळ्याशपथ. म्हणजे ऐंशी टक्के धरा. बाकीची सांगता सांगता माझ्याकडून वाढली आहे.

समुद्राकाठच्या एका वीजकेंद्रात गॅसच्या मोठ्या नळीवरचा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढायचा होता. त्या नळीत गॅस इतका दाबून भरलेला, की जवळून जाताना माणसं आपोआप हळू बोलत. म्हणून मागचे दोन व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय पाना लावायचा नाही, असा तिथला रिवाज. पण दोन्ही बंद केले तर अख्खं केंद्र थांबणार, आणि मोठे साहेब धुरंधर यांना ते नको होतं.

"एक बंद केलाय, पुरे," ते म्हणाले. "मी स्वतः निवडून आणलेला व्हॉल्व्ह आहे. कुणाची हरकत असेल तर हात वर करा."

हात कुणाचाच वर गेला नाही. फिटर तांडेल पाना घेऊन निघाला, तशी पाळीची इंजिनिअर वैजयंती त्याच्या आडवी आली.

"तांडेलकाका, जरा थांबा."

बंद व्हॉल्व्हच्या पुढे एक बारीक नळी उघडी ठेवलेली होती. गॅस झिरपत असेल तर तिथूनच बाहेर येणार. वैजयंतीने आपला रबरी हातमोजा काढून त्या नळीच्या तोंडावर चढवला.

लोंबता मोजा हलला. अंगठा फुगला, मग एकेक बोट ताठ झालं, आणि सगळे श्वास रोखून बघत असताना अख्खा पंजा आभाळाकडे उभा राहिला.

"साहेब," वैजयंती म्हणाली, "एक हात वर झालाय. तुमच्याच व्हॉल्व्हचा आहे."

साहेबांनी मुकाट्याने केंद्र थांबवलं आणि वैजयंतीची पाठ थोपटली.

यातलं पाठ थोपटणं तेवढं माझ्या पदरचं.