सरकारांच्या गाडीत गिरणीचं इंजिन

दसरा आठ दिवसांवर आला आणि कुसुरगडच्या सरकारांच्या पिकअपचं इंजिन फुटलं! शहरातून तीन मिस्त्री आले, बॉनेट उघडून आत डोकावले आणि चहा पिऊन परत गेले. जाताना म्हणाले, "हे इंजिन बनवणारा कारखानाच बंद पडलाय, सरकार!"

आता सरकार तरी कसले? राज्य कधीच विलीन झालं होतं. हत्ती गेले, घोडे गेले. उरली ही छोटी पिकअप, सरकारांच्या मिशा आणि हट्ट. दरसाल दसऱ्याला पिकअपच्या हौद्यात खुर्ची टाकून सरकार सीमोल्लंघनाला निघत. यंदा पायी गेले असते तर गाव हसलं असतं, आणि गेले नसते तर जास्तच हसलं असतं.

सरकारांनी बंगल्यासमोर लोक गोळा केले. "गाडी जो चालवून दाखवील, त्याला मागेल ते देऊ! पण मोटारीचं, जीपचं, ट्रॅक्टरचं इंजिन बसवायचं नाही. दुसऱ्या गाडीचं उष्टं आम्हाला चालत नाही! बैल जुंपायचे नाहीत, माणसांनी ढकलायचं नाही. आणि हो! थोरल्या सरकारांची स्वारी निघाली की पेठेत घराघरांतून माणसं धावत बाहेर यायची. तशी आली पाहिजेत. दवंडी नाही, ताशा नाही. आपणहून!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. इंजिनाचं एक वेळ जमेल, पण माणसांचं? हल्ली सरकार पेठेतून गेले तर कुत्रंसुद्धा डोळा उघडत नसे.

"मी करते की!" मागून आवाज आला. हौसा गिरणीवाली!

हौसाची पिठाची गिरणी बंगल्याच्या मागेच होती. जागा सरकारांची, इंजिन हौसाच्या बापाचं. बापाने धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची वाटी बसवली होती. इंजिन सुरू झालं की "पुक्! पुक्! पुक्!" असा आवाज गावभर जाई आणि बायका समजत, गिरणी चालू झाली, चला! पण त्या पुकपुकीने सरकारांची दुपारची झोप मोडायची. म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गिरणीला कुलूप ठोकलं. तेव्हापासून हौसाच्या घरची चूल कशीबशी पेटत होती, आणि गावच्या बायका डोक्यावर दळण घेऊन दोन कोस चालत परगावी जात होत्या. सरकारांना याचा पत्ताही नव्हता, आणि खरं सांगायचं तर गावाला त्याचाच जास्त राग यायचा.

"तू? पीठ दळणारी?" कारभारी नरहरपंत खेकसले. "आणि जमलं नाही तर?"

"तर माझं इंजिन भंगारात घाला, पंत. न्हाईतरी कुलपात गंजतंयच."

"कबूल!" सरकार म्हणाले.

"मग गिरणीची किल्ली द्या. माझे पाने-हातोडे आत हायेत."

पुढचे पाच-सहा दिवस ठोकाठोकी चालली. पंत डोकावायला गेले की हौसा त्यांच्या हातात ग्रीसचा डबा देऊन "जरा धरा" म्हणायची. दोन धोतरं खराब झाल्यावर पंतांनी डोकावणं सोडलं.

दसऱ्याला गाडी दारात उभी राहिली. हौद्यात सरकारांची खुर्ची, तिच्यामागे ताडपत्रीखाली काहीतरी अगडबंब, शेजारी पाण्याचं पिंप. ताडपत्रीखालून एक रुंद पट्टा गाडीच्या पोटात गेलेला. सरकार फेटा सावरत बसले. हौसाने हँडल मारलं.

"पुक्! पुक्! पुक्! पुक्!"

सरकार खुर्चीतून वीतभर उडाले. "अगं, हा तर आमच्या झोपेचा वैरी!"

"व्हय सरकार! पण आजपासून तुमच्या चाकरीला लागलाय. ह्यो ना मोटारीचा, ना जीपचा, ना ट्रॅक्टरचा. ह्यानं जन्मात रस्ता बघितला न्हवता!"

हौसा स्टिअरिंगवर बसली आणि गाडी निघाली. धक्के देत, डुलत, पण निघाली! वाटेत एक म्हैस तिला मागे टाकून गेली.

"हौसा, म्हैस पुढे गेली!"

"जाऊ द्या! स्वारी सावकाशच जाती, सरकार. पळतो त्यो चोर!"

हे सरकारांना पटलं. त्यांनी मिशीला पीळ दिला.

पेठेत सामसूम होती. सणाचा दिवस, आणि निम्म्या घरांत पोळीपुरतंही पीठ नव्हतं. पुकपुक पेठेत शिरली मात्र, एक दार उघडलं, दुसरं उघडलं, मग सगळीच! बायका धावत सुटल्या. "गिरणी चालू झाली गं!" कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या काखेत डबा, मागून पोती घेतलेले नवरे. गाडी थांबेना, म्हणून सगळे तिच्यामागे चालू लागले.

सरकारांचे डोळे भरून आले. डावीकडे हात जोड, उजवीकडे हात जोड! गावाची शीव ओलांडून गाडी आपट्याच्या झाडापाशी थांबली, तेव्हा मागे सारं गाव उभं होतं.

"हौसा, यांच्या डोक्यावर काय आहे गं?"

"धान्य, सरकार! थोरल्या सरकारांच्या वेळंला रयत असंच धान्य घिऊन यायची न्हवं? फरक एवढाच, त्ये परत जात न्हवतं. ह्यांना पीठ हून परत पायजे!"

"लबाडी!" गाडीमागून चालत आलेले पंत ओरडले. "हे स्वारी बघायला नाही, दळायला आलेत!"

"माणसं आपणहून भाईर यावीत, एवढंच सरकार बोलले, पंत. कशापायी यावीत, त्ये कुठं बोलले?"

पंतांनी सरकारांकडे पाहिलं. सरकार मिशीतल्या मिशीत हसत होते. "माग, हौसा! काय हवं ते माग!"

हौसाने पदर खोचला. "मला सरकारांची दुपारची झोप पायजे."

सरकार असे खदाखदा हसले की फेटा सुटून पाण्याच्या पिंपात पडला! "घे! झोप घे, किल्ली घे, गिरणीची जागाही तुझीच! पण आमची गाडी?"

"गिरणीच्या दारात हुभी करते की. पट्टा जात्याला लावला की दळण, चाकाला लावला की दसरा!"

तशीच वरात गिरणीवर परत आली. हौसाने पट्टा बदलला, पहिली पाटी ओतली.

"पंत, बंगल्यातले गहू आणा!" सरकार गरजले. "पहिलं दळण आमचं!"

"आणा की," हौसा आतून म्हणाली. "पण रांगेत!"

सरकारांनी पुन्हा एकदा हसून घेतलं, ओला फेटा खांद्यावर टाकला आणि शेवटच्या पाटीवालीच्या मागे जाऊन उभे राहिले.