लेसरच्या कार्डामागची सही

"आबा, आता तरी कोश माझ्या हाती देताय ना?"

विश्वंभरने चोपन्न कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. मठाच्या ओसरीवर आबा धारप पस्तीस वर्षं शब्दकोश रचत होते. आता वयापायी लिहिणं होईना. पुढे कोण, ते ठरायचं होतं. आपल्याशिवाय आहेच कोण, असं विश्वंभरला अगदी मनापासून वाटत होतं.

"शब्द कुठला?"

"लेसर. या एका शब्दावर नऊ महिने घातलेत, आबा!"

"वाच."

झालं, गडी सुटलाच. इंग्रजीतल्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून हा शब्द झाला. चीनमध्ये त्याला उद्दीपित प्रकाश म्हणतात. तमिळमध्ये शिस्तीत चालणारा उजेड. आणि लॅटिनमध्ये हाच शब्द दोन हजार वर्षांपूर्वी एका झाडाच्या चिकाला होता, आपल्या हिंगाच्या जातीतला चीक! दोघांचा संबंध काही नाही, नुसता योगायोग.

आबांनी पहिलं कार्ड उलटं केलं.

आबांचा एक नियम होता. शब्द ज्याच्या रोजच्या गरजेचा, त्याला अर्थ वाचून दाखवायचा. त्याने 'कळलं' म्हटलं की कार्डामागे त्याची सही किंवा अंगठा. मगच कार्ड खणात जायचं.

मागे एका प्राध्यापकांची झोकदार सही होती.

"यांना कळलं?"

"त्यांना आधीच ठाऊक होतं."

आबांनी आत हाक मारली. मठात स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाई पदराला हात पुसत आल्या. साखरेच्या दुखण्याने डोळ्याचा पडदा बिघडलेला. उद्या तालुक्याला जाऊन लेसर मारून घ्यायचा होता.

"वाच त्यांना."

विश्वंभरने वाचलं, "उद्दीपित उत्सर्जनाद्वारे होणारे प्रकाशाचे प्रवर्धन."

"अगं बाई! एवढं समदं डोळ्यात घालत्यात?" हौसाबाईंनी पदर डोळ्यांवर धरला. "मग मी न्हाई जायची, दादा. हाय तेवढं दिसू दे."

विश्वंभरने कार्ड खाली ठेवलं. बाई खरंच गेल्या नाहीत तर?

आबांनी एक कोरं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दुपार टळली तरी मांडी मोडली नाही. शेवटी पेन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला.

"हौसाबाई, मला सांगता येईना. पण मी बरोबर येतो. उद्या किती वाजता निघायचं?"

त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"सातच्या यष्टीनं."

दुसऱ्या दिवशी दोघं परतले, तेव्हा आबा ओसरीवरच होते. विश्वंभरने एकच कार्ड पुढे केलं.

'लेसर : एका रेषेत जाणारा नेमका, तेज उजेड. डॉक्टर तो डोळ्यात सोडतात. हिरवा लखलखतो, जरा टोचतो. मग थोडा वेळ अंधारल्यासारखं वाटतं. भिऊ नये.'

मागे हौसाबाईंचा अंगठा उमटला होता. चोपन्न कार्डं विश्वंभरने पिशवीतून काढलीच नाहीत.

"हे त्यांनी सांगितलं. मी फक्त उतरवलं," तो म्हणाला. "आणि आबा... कोश?"

आबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, सावकाश वाचलं आणि खणात टाकलं.

"त्यांचा दुसरा डोळा गुरुवारी आहे."