सुई शिरायला नको

केळशेत संस्थानचे रणोजीराजे एकदा हट्टाला पेटले, की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. त्यांच्या दिवाणखान्यात सागवानी फळ्यांची जमीन बसवायची होती. सुतार म्हणाला, भिंतीलगत बोटभर जागा सोडू आणि वरून पट्टी मारू, कारण कोकणच्या पावसात लाकूड फुगतं.

राजे कडाडले, "माझ्या दिवाणखान्यात फट? फळ्या भिंतीला भिडवा! सुई जरी शिरली, तर कारभारी, तुम्ही संस्थानाबाहेर!"

कारभारी अंताजीपंत पेचात पडले. जागा सोडली तर राजे आज हाकलणार. नाही सोडली तर श्रावणात फळ्या उचकटणार आणि खापर त्यांच्याच माथी फुटणार. इकडे आड, तिकडे विहीर!

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीयेची पंगत होती. पंतांनी राजांच्या कमरेला शेला बांधला आणि असा आवळला, की सुई शिरू नये. पोट आत गेलेलं पाहून राजे खूश झाले. पण आमरसाची तिसरी वाटी संपली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"पंत, सोडा हो! जीव चाललाय!"

पंतांना दरदरून घाम फुटला होता, तरी ते हात जोडून म्हणाले, "महाराज, एका पंगतीत आपल्याला जागा पुरेना. त्या फळ्या तर चार महिने पाणी पिणार आहेत."

पंगतीतले हात ताटातच थबकले. पंतांनी डोळे मिटून घेतले.

"सोडा, बोटभर जागा सोडा!"

"भिंतीशी, महाराज?"

"भिंतीशीही सोडा. पण आधी कमरेशी!"