पाटीवरचे फुगे

“अण्णा, काय राखून ठेवलंत माझ्यापासून?”

उंबऱ्यात उभ्या असलेल्या नागनाथने आधी हेच विचारले. नमस्कार त्यानंतर केला.

आत इरण्णा मिस्त्री एकटे बसले होते. रस्त्यावरच्या पाट्या घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले. पत्रा कापावा, घासावा, आणि त्यावर दिव्याचा झोत परतवणारी चिकट शीट बसवावी. कारागीर तिला रेडियमच म्हणतात. सोलापूरची वाहतूक नव्या बाह्यवळणाने जाऊ लागल्यापासून त्यांच्या दारावरून माणसांपेक्षा शेळ्याच अधिक जात.

“राखून म्हणजे?”

“मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं. झाडावर चढायचं तेवढं ठेवलं.”

“तू वाघ कधी झालास?”

नागनाथ हसला नाही.

गुरूने एक विद्या हातची राखली, ही शंका लोककथांत पुन्हा पुन्हा भेटते, आणि तिच्या मुळाशी बहुधा शिष्याचा गर्व असतो. नागनाथच्या बाबतीत त्या गर्वाला भयाचीही जोड होती. घाटातल्या वळणांसाठी त्याच्या कारखान्याने केलेल्या साऱ्या पाट्या परत आल्या होत्या. रेडियमखाली फुगे धरले होते, कडा सुटल्या होत्या. पुढचा गठ्ठाही असाच परत आला, तर कारखान्याला कुलूप लागणार होते.

“तुमच्या पाट्या जुन्या रस्त्यावर अजून उभ्या आहेत,” तो म्हणाला. “येताना बघत आलो. एकीलाही फुगा नाही.”

“बघायला तरी आलं कुणी.”

“मी तुमच्यासारखंच करतो, अण्णा. पत्रा स्पिरिटनं पुसतो. मागचा कागद बोट-बोट सोडत जातो. मधून कडेकडे रोलर. उलट तुमच्यापेक्षा भराभर.”

“करून दाखव.”

नागनाथने गाडीच्या टपावरून दोन पत्रे उतरवले, आणि गाडीतल्या गारव्यातून रेडियमची गुंडाळी आणली. त्याचे हात खरोखरच चपळ होते. पण पत्र्याने शीट अशी झडप घालून धरली, की रोलर पोहोचण्याआधीच खाली हवा अडकली. पाटीवर मसुरीएवढे फुगे उठले.

इरण्णा पाहत होते…

“बघा. हेच होतं.”

“कारखान्यात पत्रे कुठं ठेवतोस?”

“अंगणात. आत जागा कुठाय?”

“आणि रेडियम?”

“एसीच्या खोलीत. जपावं लागतं त्याला.”

“आणि तू?”

“मी केबिनमध्ये. माझा काय संबंध?”

इरण्णांनी त्याचा हात धरला आणि उरलेल्या पत्र्यावर टेकवला. नागनाथने तो चटकन मागे घेतला. मग त्यांनी तोच हात गुंडाळीवर ठेवला.

“गार आहे,” नागनाथ म्हणाला.

मिस्त्रींनी पत्रा भिंतीला लावला, गुंडाळी त्याच्या शेजारी उभी केली, आणि चहासाठी स्टोव्ह पेटवला.

“आता?”

“बस की.”

“किती वेळ?”

“त्या दोघांना विचार.”

खोली एकच होती. त्याच चार भिंतींत कामाचा ओटा, कापलेले पत्रे, रेडियमच्या गुंडाळ्या, बाज आणि स्टोव्ह. चहाचा एक कप हाताशी होता. दुसरा शोधायला इरण्णांना वेळ लागला. सापडला तेव्हा त्यात खिळे होते.

नागनाथचा फोन वाजला. त्याने तो पाहिला आणि पालथा ठेवला.

“कामाचा असंल.”

“कामाचाच आहे.”

“मग घे की.”

“राहू दे.”

चहा झाला. दारातले ऊन उंबऱ्याबाहेर सरकत गेले.

“शेजारचा पंक्चरवाला पण गेला,” इरण्णा एकदा म्हणाले.

“कधी?”

“झाली की वर्षं.”



सावली रस्त्यापर्यंत पोहोचली, तेव्हा मिस्त्रींनी मानेने खूण केली. नागनाथने पत्र्याला हात लावला, मग गुंडाळीला. हाताला आता दोन्ही सारखीच लागली.

त्याने शीट बसवली. पद्धत तीच, हातही तोच. या वेळी पत्र्याने झडप घातली नाही. रोलर फिरला तशी हवा पुढे पुढे सरकली आणि कडेने निघून गेली. पाटी साचल्या पाण्यासारखी सपाट झाली.

नागनाथ तिच्याकडे पाहत राहिला. कारखाना वाचला होता. त्याला हायसे वाटायला हवे होते. आला तो राग.

“एवढंच? दोघांना एका खोलीत ठेवायचं, एवढंच? इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली, अण्णा. एकदाही हे तोंडातून काढलं नाहीत.”

इरण्णा पाठमोरे बसून कप विसळत होते…

“तेव्हा तू इथंच झोपायचास.”