तिसरा घोट

गिरणीची पुकपुक ऐकून गाव अंथरुणातून उठायचं, त्या काळची ही गोष्ट. भागीरथीकाकूंच्या गिरणीत एक जुनं डिझेल इंजिन होतं. एकदा पीठ दळणाऱ्या दगडानं त्याला टोमणा मारला, "दादा, तीन घोट डिझेल पितोस आणि पीठ होतं एकाच घोटाचं. दुसरा धुरातून जातो, तिसरा गरम पाण्याबरोबर गटारात. काकूंच्या जिवावर चैन चाललीय तुझी."

इंजिनाला ते फार लागलं. ते पाण्याच्या नळीला म्हणालं, "बाई, उद्यापासून पाणी आणू नकोस. ऊब माझी मलाच राहू दे." नळीनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी पहिला डबा दळून होण्याआधीच पिस्टन तापून फुगला आणि अडकला. दळणाला आलेल्या बायका थंडीत कुडकुडत उभ्या राहिल्या.

"आता हे भंगारात जाणार, काकू," एकीनं म्हटलं.

काकूंनी इंजिन निवू दिलं, नळी मोकळी केली. "वेड्या, सगळी आग पोटात ठेवून कोण जगलंय? बाहेर सोडावीच लागते. कुठे सोडायची, ते मी बघते." त्यांनी गटारात जाणारं पाणी दगडी डोणीत वळवलं.

दुसऱ्या सकाळी बायकांनी गारठलेले हात त्या डोणीत बुडवले.

"दोन घोट कामी लागले, दादा," दगड हळूच म्हणाला. "आता धुराचं काय?"

धुराड्यानं तापलेल्या भिंतीला पाठ लावून काकूंची मांजर केव्हाच झोपली होती.