धामणीचं पिल्लू आणि भैरवाचा पडदा

“मग ते खात का नाही, आक्का?”

निरंजनाने टोपली पुढ्यात ठेवली आणि विचारलं. विचारलं कसलं, जाबच मागितला.

आक्का नाचणी निवडत होत्या. टोपलीत पेन्सिलीएवढं जाड धामणीचं पिल्लू वेटोळं करून पडलं होतं. आक्कांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा निरंजनाकडे पाहिलं आणि पुन्हा नाचणीतले खडे वेचू लागल्या.

हे पिल्लू कुठलं, ते आधी सांगायला हवं.

डोंगरावरच्या त्या भैरवनाथाच्या मठात धान्याच्या कणग्या होत्या. कणग्या म्हटल्या की उंदीर आलेच. म्हणून मठात पिढ्यान्‌पिढ्या एक धामण नांदायची, आणि तिला कोणी काठी दाखवत नसे. मागची धामण बैलगाडीच्या चाकाखाली गेली. गोठ्यामागच्या पाचोळ्यात तिची अंडी होती, ती मुंगसाने फस्त केली. एक तेवढं वाचलं, त्यातून हे बाहेर आलं.

आक्का या मठाच्या गुरू. कमरेत वाकलेली म्हातारी, पण जीभ ताठ. निरंजन त्यांच्याकडे अनुग्रह मागायला आलेला. पाठशाळेत पहिला, उपनिषदं तोंडपाठ, आणि दोन्ही गोष्टी न विचारता सांगायची खोड.

अनुग्रह राहिला बाजूला. पहाटे तो ध्यानाला बसला की आक्का एखादं वाक्य त्याच्या पुढ्यात टाकत आणि पाठ फिरवून गोठ्यात चालत्या होत. हे त्याला फार लागायचं. शेवटी त्याने हट्टच धरला, तेव्हा आक्कांनी ही टोपली त्याच्या हातात दिली.

“हे जेवलं की ये. मग तुझं बघू.”

हात्तिच्या, एवढंच ना, असं त्याला वाटलं.

आधी त्याने दुधाची वाटी ठेवली. नागपंचमीला सगळं गाव तेच करतं, त्याचा एकट्याचा काय दोष? पिल्लाने वाटीला तोंड लावलं नाही. दूध मात्र सांडलं आणि टोपलीला मुंग्या लागल्या. आक्का हसता हसता खोकल्या. साप दूध पितो म्हणून ज्याने सांगितलं त्याने साप पाळला नसणार, म्हणाल्या.

मग कळलं की पहिली कात टाकल्याशिवाय पिल्लू पहिला घास घेत नाही. तो थांबला. कातही टाकून झाली.

तेव्हा सोवळं खुंटीला टांगून पठ्ठ्या ओढ्यावर गेला आणि बेडकाची पिल्लं धरून आणली. टोपली चुलीजवळ उबेला ठेवली. एक बेडूक आत सोडला आणि स्वतः समोर मांडी घालून बसला.

बसला तो बसलाच. झाकण उचल, बघ. पुन्हा उचल, पुन्हा बघ. पिल्लाचं तोंड बोटाने बेडकाकडे वळव. एकदा तर काडीने जबडा उघडून भरवायलाही निघाला. पिल्लू शेपटी थरथरवायचं आणि वेटोळ्यात डोकं खुपसायचं.

दिवसेंदिवस ते वाळत चाललं. अंगावरची कातडी सैल पडली. निरंजन देव पाण्यात घालून बसला. आता त्याला अनुग्रहाचीसुद्धा आठवण होईना. एवढासा जीव आपल्या हातून जाणार, एवढीच भीती उरली होती.

“माझं काय कमी पडलं, ते तरी सांगा,” तो म्हणाला. “क्षणभरही नजर हलवली नाही मी त्याच्यावरून.”

“ते दिसतंय…”

आक्कांनी नाचणीतला आणखी एक खडा वेचून बाजूला टाकला.

तेवढ्यात नैवेद्याची वेळ झाली. निरंजन उठला, हातपाय धुतले, भाकरी-भरताचं ताट भैरवापुढे ठेवलं. तांबडा पडदा ओढला आणि देवाकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. रोजचंच काम होतं.

काठी टेकत आक्का मागोमाग आल्या. टोपली काखेत.

“पडदा कशाला ओढलास रे?”

निरंजनाला बरं वाटलं. एकदाची गोष्ट त्याच्या प्रांतात आली होती. त्याने घसा साफ केला आणि शास्त्रात काय काय सांगितलंय ते सुरू केलं. आक्कांनी हात वर केला. सोप्या बोलीत सांग, म्हणाल्या.

“देव जेवताना बघू नये, आक्का.”

“का?”

“दृष्ट लागते म्हणतात. आणि… समोर कोणी टक लावून बसलं, तर घास उतरेल कसा?”

बोलून गेला आणि त्याची नजर आक्कांच्या काखेतल्या टोपलीकडे गेली.

आक्कांनी हात लांबवून पडदा दांडीवरून ओढून काढला. घडी न करताच टोपलीवर टाकला. गाभाऱ्यात भैरव ताटासकट उघड्यावर आला.

निरंजनाचा जीव वरखाली झाला. असं मठात कधी घडलं नव्हतं.

“देव आज तसाच जेवेल?”

“तो धीट आहे. हे लहान आहे.”

मग आक्कांनी त्याच्याकडून टोपलीत मूठभर पाचोळा घालून घेतला. नवा बेडूक त्यानेच आत सोडला, पडदा त्यानेच सारखा केला. दिवेलागणीपर्यंत इथेच बस, पण पाठ करून, एवढं सांगून आक्का गेल्या.

निरंजन बसला. उपनिषदं पाठ करणं सोपं होतं हो, हे कठीण होतं. मागे पाचोळा वाजला की मान आपोआप वळू लागायची. काहीतरी सळसळलं. बेडकाने उडी मारली असेल का? की पिल्लू पुन्हा लपलं? मग बराच वेळ काहीच वाजलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. त्याने दोन्ही हातांनी आपले गुडघे धरून ठेवले.

दिवा लावायला आक्का आल्या, तेव्हा त्याने पडदा उचलला.

बेडूक नव्हता. पिल्लू पाचोळ्यातून अर्धं बाहेर आलं होतं, आणि त्याच्या अंगाच्या मध्यावर सुपारीएवढा फुगवटा होता.

निरंजनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याला त्याची लाजही वाटली नाही.

पण आत सलत होतं ते बोलल्याशिवाय राहवेना. डोळे पुसत तो म्हणाला,

“आक्का, आता माझं बघा. रोज पहाटे एक वाक्य पुढ्यात टाकता आणि पाठ फिरवून निघून जाता. मी जागा असतो की पेंगतो… इतक्या दिवसांत एकदा तरी वळून पाहिलंत?”

आक्कांनी दिव्याची वात वर केली.

“टोपलीत बेडूक कोणी सोडला?”

“मी.”

“आणि पाठ करून कोण बसलं?”

“…मीच.”

आक्कांनी काठी उचलली आणि रोजच्यासारख्या गोठ्याकडे वळल्या.

“मग जेव की.”